मोकाशींच्या मारुतीला जॅमर

"पोरी, तुमच्याकडं जॅमर मिळतो का गं एक?"

मी मान वर केली. वाहतूक चौकीच्या दारात पासष्टीच्या एक बाई उभ्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, पायांत रबरी चपला. हातातली कापडी पिशवी त्यांनी तोंड उघडून अशी धरली होती, की मी हो म्हटलं असतं तर जॅमर त्यात घालूनच त्या घरी गेल्या असत्या.

"काकू, जॅमर मिळत नसतो," मी म्हणाले. "गाडी चुकीच्या जागी लावली की आम्ही चाकाला अडकवतो. मग गाडी हलत नाही. तुमच्या गाडीला कुणी लावलाय का?"

"लावला न्हाई, हीच तर पंचाईत हाय."

मला नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. चौकी म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ आणि कोपऱ्यात पिवळ्या रंगाचे अकरा जॅमर. एकेक जॅमर उचलायचा म्हणजे कंबर धरायची. आमचे मुजावर हवालदार चौकात उभे होते आणि मी आत वही भरत बसले होते. बाईंना मी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पिशवीतून मेथीची एक जुडी काढून टेबलावर ठेवली.

"ही बघ. ही काल आमच्या गाडीच्या आरशात अडकली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही बाजारातनं आलो, आणि भाजीवालीच्या पाटीला घासून आलो. ह्यांना पत्ताच न्हाई! मी उतरताना बघितलं आणि गपचिप काढून पदराखाली घेतली. मग सांजच्याला जाऊन त्या बाईच्या पाया पडले. आज मेथी हाय. उद्या तिचं पोर असंल."

मग सगळं सांगितलं त्यांनी. त्या हौसाबाई मोकाशी. त्यांचे यजमान सर्जेराव मोकाशी, एसटीत छत्तीस वर्षं ड्रायव्हर. कुंभार्ली घाटातून चिपळूणची गाडी न्यायची आणि परत आणायची. छत्तीस वर्षांत एक कोंबडीसुद्धा गाडीखाली आली नाही. महामंडळानं बिल्ला दिला, सत्कार केला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मारुती घेतली, आणि दर गुरुवारी बायकोला शेजारी बसवून कुठं ना कुठं घेऊन जायचे. कधी संगमावर, कधी तिच्या बहिणीकडं, कधी नुसतं बाजारात. आदल्या दिवशी तर सोमवार असूनही बाजाराला नेलं होतं. आणि आता डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. समोरचं तेवढं दिसायचं, कडेचं सगळं गेलं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं.

"मग तुम्ही सांगा की त्यांना, आता गाडी नको म्हणून."

"मी सांगितलं तर ऐकतील गं. लगेच ऐकतील. पण मग बायकोनं खाली उतरवलं, हे जन्मभर मनात राहील. बसून राहतील भिंतीकडं बघत. त्यांचा स्वभाव मला म्हाईत हाय. सरकारनं थांबवलं तर त्यांना वाईट वाटायचं न्हाई. सरकारी नियम म्हणजे त्यांना देवाच्या जागी." हौसाकाकूंनी कोपऱ्यातल्या ढिगाकडं बोट दाखवलं. "त्यातला एक लाव की. तुमच्याकडं किती तरी पडल्यात."

मला हसू आलं. पण नियम आडवा होता. त्या वर्षी जॅमर हा शब्द काढला की आमच्या शहरात भांडण व्हायचं. आदल्या वर्षी ठेकेदाराच्या माणसांनी नुसता धुमाकूळ घातला होता. दवाखान्यापुढं लावले, लग्नाच्या मांडवापुढं लावले, आणि एकदा तर एका वकिलाच्या फाटकाच्या आत शिरून लावून आले. वकीलच तो, सोडतोय होय! मोर्चा निघाला, अर्ज गेले, आणि शेवटी वरून परिपत्रक आलं. मुजावर हवालदारांनी ते आमच्याकडून पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. जॅमर फक्त पोलिसानं लावायचा. सार्वजनिक रस्त्यावर आणि नो पार्किंगच्या फलकासमोरच लावायचा. गाडीत चालक असेल तर लावायचा नाही. आणि काचेवर नोटीस चिकटवायची, तिच्यावर ठिकाण, वेळ आणि लावणाऱ्याचं नाव.

"काकू, गाडी असते कुठं?"

"दारात. अंगणात. ते कधी रस्त्यावर लावतच न्हाईत. दुसऱ्याला अडचण होती म्हणत्यात."

"मग नाही लावता येत. माझी नोकरी जाईल."

त्यांनी मेथीची जुडी उचलून पिशवीत ठेवली, उठल्या आणि दारात जाऊन पुन्हा वळल्या. "गुरुवार परवा हाय," एवढंच म्हणाल्या.

ते शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. घरी जेवताना जाईनात, चौकात शिट्टी मारताना जाईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंना निरोप धाडला, दुपारी मुजावर हवालदार जेवायला गेले, आणि मी एक जॅमर स्कूटरवर पायांपाशी ठेवून मोकाशींच्या घरी पोचले. आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. आम्हा दोघींच्या डोक्यात एवढंच होतं, की पिवळं धूड आणि त्यावरची 'पोलीस' ही अक्षरं बघितली की मोकाशी काका गप्प बसतील. बुद्धी कुठं गहाण टाकली होती कोण जाणे.

घर गावाकडच्या रस्त्याला होतं. पुढं शेणानं सारवलेलं अंगण, एक शेवग्याचं झाड, आणि झाडाखाली ती मारुती. एवढी पुसलेली, की तिच्या दारात मला माझी टोपी दिसत होती. काकूंनी खिडकीतून मान हलवली. काका झोपले होते. मी चाकाला जॅमर लावला, कुलूप घातलं आणि नोटीस भरायला बसले. ठिकाण या शब्दापुढं माझं पेन थांबलं. 'अंगण' कसं लिहिणार? शेवटी चौकीच्या वहीत आधीच लिहून आले होते तेच लिहिलं, 'बाजार रस्ता, नो पार्किंग फलकासमोर.'

नोटीस काचेवर चिकटवली आणि मागं वळले, तर ओसरीवर एक उंच म्हातारे गृहस्थ उभे. पांढऱ्या मिशा, पायजमा, अंगात बंडी, आणि एक हात भिंतीला टेकलेला.

"कोण हाय?"

"वाहतूक पोलीस. शिपाई भिंगारदेवे."

"या, मॅडम. काय काम काढलं?"

"तुमच्या गाडीला जॅमर लावलाय." मी काचेकडं बोट केलं. "नोटीस लावलीय काचेवर. वाचून घ्या."

ते भिंतीला धरून पायऱ्या उतरले, गाडीपाशी आले, वाकून चाक चाचपलं. जॅमरच्या दोन्ही जबड्यांवरून हात फिरवला. मग काचेजवळ तोंड नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"तुम्हीच वाचा," ते हळूच म्हणाले. "मला हल्ली बारीक अक्षर लागत न्हाई."

आतून बांगड्या वाजल्या. काकू दाराआड होत्या. डोळ्यांबद्दल काका घरात चकार शब्द काढत नाहीत, असं त्याच मला म्हणाल्या होत्या.

मी वाचलं. गाडीचा नंबर वाचला, वेळ वाचली. आणि मग माझं स्वतःचं खोटं मला स्वतःच्या तोंडानं, त्या स्वच्छ अंगणात उभं राहून वाचावं लागलं. "ठिकाण, बाजार रस्ता, नो पार्किंग फलकासमोर."

"गाडी कुठं उभी हाय, मॅडम?"

"तुमच्या... अंगणात."

"मग कागदावर बाजार रस्ता कसा आला?"

मी नोटिशीचा सुटलेला कोपरा उगाच दाबत राहिले.

"नोकरी किती झाली?"

"सहा महिने."

"हे साहेबानं बघितलं तर काय हुईल, म्हाईत हाय का? एका खोट्या ओळीवर आमचा एक चांगला कंडक्टर घरी गेला. काढा ते." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "हे बघा, छत्तीस वर्षं मी कंडक्टरच्या घंटीवर गाडी चालवली. एक घंटी मारली की थांबायचं, दोन मारल्या की सोडायची. मनाला येईल तसं न्हाई. पण ती दोरी ज्यानं ओढायची त्यानंच ओढायला पाहिजे. रस्त्यावरचं कुणी तरी चढलं आणि दोरी ओढली, असं चालतंय व्हय?"

मी जॅमर काढायला बसले. किल्ली कुलपात बसेना. काका शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी हातानं चाचपत ते जड धूड खालून उचलून धरलं, म्हणजे मला सोपं जावं.

"तुम्हाला कुणी सांगितलं इथं यायला?"

मी कुलपाशी झटत राहिले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि दाराकडं तर एकदाही बघितलं नाही.

"नियम काय हाय नेमका?" त्यांनी विचारलं. "नवीन परिपत्रक आलंय म्हणं."

मी पाढे म्हटल्यासारखा म्हणून दाखवला. पोलिसानं लावायचा, सार्वजनिक रस्ता, फलकासमोर, चालक गाडीत नको, नोटिशीवर खरं ठिकाण आणि खरी वेळ. ते एकेका कलमाला मान हलवत होते.

"चांगला नियम हाय," ते म्हणाले. "चहा घेऊन जावा."

काकू कप ठेवून आत गेल्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. चौकीत परत आले आणि मुजावर हवालदारांपुढं सगळं ओकले. त्यांनी वही ओढून ती ओळ वाचली.

"भिंगारदेवे, जीव चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "अक्कल कधी येणार?" मग माझ्याकडूनच त्या ओळीवर रेघ मारून घेतली, शेजारी 'चुकीची नोंद' असं लिहून माझी सही घेतली, आणि खाली स्वतःचीही केली.

दुसरा दिवस गुरुवार. मला सकाळपासून धड सुचत नव्हतं. आज म्हातारा गाडी काढणार, काकू शेजारी बसणार, आणि बाजार भरलेला असणार. काही झालं तर ते माझ्यामुळंच होणार, कारण मी अर्धवट काम करून आले होते. सातच्या सुमारास मी चौकी झाडत होते, तोच मुजावर हवालदारांनी बाहेरून हाक मारली.

"भिंगारदेवे! लवकर बाहेर ये. बघ काय येतंय."

बाजार रस्त्यावरून मोकाशींची मारुती येत होती. इंजिनाचा आवाज नव्हता. मागून दोन दूधवाले ढकलत होते, त्यांच्या सायकली लांब झाडाला टेकवलेल्या. पुढं डाव्या बाजूला हौसाकाकू पदर खोचून चालत होत्या आणि मोठ्यानं सांगत होत्या, "सरळ... सरळ... जरा डावीकडं... हां, आता आणा." आणि स्टिअरिंगवर सर्जेराव मोकाशी. अंगात खाकी. खिशावर बिल्ला. गाडी चौकीसमोरच्या नो पार्किंगच्या फलकाखाली आली आणि फलकाच्या खांबापासून हातभर अंतरावर, रस्त्याला अगदी समांतर थांबली. दूधवाले हाश्शहुश्श करत निघून गेले.

"आयुष्यात चुकीची लावलेली गाडी इतकी बरोबर लावलेली मी बघितली नाही," मुजावर हवालदार पुटपुटले.

मी धावत गेले. काकांनी काच खाली केली.

"मॅडम, सार्वजनिक रस्ता हाय ना हा?"

"आहे."

"फलक हाय?"

"आहे."

"मी गाडी चालवलेली न्हाई. ढकलत आणली, स्टिअरिंगचं लॉक कधीचंच मोडलंय. किल्ली रात्रीच हिच्याकडं दिलीय, विचारा हिला." काकूंनी मूठ उघडून किल्ली दाखवली. "आता राहिलं एकच. चालक गाडीत नको. उतरतो मी. उतरून आम्ही समोर चहाला जाणार, मग तुम्ही लावा."

ते तसं म्हणाले, पण उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. समोर बघत बसले. समोरचं तेवढंच त्यांना दिसत होतं, आणि समोर रिकामा रस्ता होता. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मुजावर हवालदार उगाच टोपी काढून झटकायला लागले.

"हौसा," ते समोर बघतच म्हणाले, "छत्तीस वर्षं जगाच्या बायकांना माहेरी पोचवलं. तुला कधी गाडीत बसवलं न्हाई. म्हटलं, आता तरी हिला फिरवू. म्हणून नेटानं चालवत होतो. तू डावीकडं सायकल हाय, उजवीकडं म्हस हाय, असं बोलत बसायचीस. त्या गप्पा न्हवत्या, हे मला कळत न्हवतं व्हय? पण तुझा गुरुवार कसा मोडू?"

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. मग त्या चिडल्या, अगदी खऱ्या चिडल्या. "आणि मी काय हौसेनं बसत होते व्हय? जीव मुठीत धरून बसत होते! संगमावर काय सोनं पुरलंय माझं? तुम्हाला चालवायला बरं वाटतंय म्हणून बसत होते मी!"

"माझ्यापायी?"

"तर कुणापायी?"

काकूंना बघायला काकांनी मान पुरती वळवली होती, नाही तर त्या त्यांना दिसल्याच नसत्या. मग आधी काका हसले, मग काकू हसल्या, आणि हसता हसता काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मला भरून आलं. मी सरळ रडले, वर्दीत रडले, त्याची मला आजही लाज वाटत नाही.

तरी काका उतरेनात. हसू ओसरलं आणि हात पुन्हा स्टिअरिंगवर गेले. तेव्हा हौसाकाकू गाडीला वळसा घालून त्यांच्या बाजूला आल्या. किल्ली धरलेली मूठ त्यांनी वर उचलली आणि गाडीच्या टपावर एकदा वाजवली.

टक.

एकदाच.

मोकाशी ड्रायव्हरनी हँडब्रेक ओढला, आरसा हातानं सारखा केला आणि दार उघडून खाली उतरले.

दोघं समोरच्या टपरीवर चहाला गेले. मी जॅमर लावला. या वेळी किल्ली पहिल्या झटक्यात फिरली. नोटीस भरली, काचेवर चिकटवली. चहा पिऊन ते परत आले, तेव्हा काका म्हणाले, "वाच, हौसा." चौथी शिकलेल्या हौसाकाकूंनी अक्षराला अक्षर लावून वाचलं. गाडीचा नंबर. वेळ, सकाळी सात वाजून तेवीस मिनिटं. ठिकाण, बाजार रस्ता, नो पार्किंग फलकासमोर. लावणाऱ्याचं नाव, उज्ज्वला भिंगारदेवे.

"आता बरोबर हाय," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, कागदावर जे लिहिलंस ते जागेवर असलं पाहिजे. एवढं सांभाळ."

एवढं सांभाळलं. या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी साहेब झाले, जॅमर गेले आणि टोइंगच्या गाड्या आल्या, नियम तीनदा बदलले. नवीन पोरंपोरी आली की मी त्यांना नोटीस भरायला शिकवते, आणि ठिकाण या शब्दापाशी माझं बोट अजून थांबतं. ती मारुती आठ दिवसांनी काकांचा पुतण्या येऊन सोडवून घेऊन गेला. काका तिला बघायलासुद्धा आले नाहीत.

पण त्या दिवशी सकाळी नोटीस वाचून झाल्यावर मी विचारलं होतं, "काका, आता घरी कसे जाणार? रिक्षा बोलावू?"

"घरी कुणाला जायचंय?" काका म्हणाले. "गुरुवार हाय."

आणि दोघं चालत समोरच्या थांब्यावर गेले. चिपळूणची एसटी आली. काका सवयीनं पुढून वळसा घालून उजवीकडच्या, ड्रायव्हरच्या दाराकडं निघाले. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि ओढलं. "अवो, तिकडं कुठं? इकडनं." काका डाव्या दारानं चढले. मी रस्त्याच्या या बाजूनं बघत होते. काकूंनी त्यांना खिडकीपाशी बसवलं, आणि आपण शेजारी बसून बाहेर हात दाखवत काही तरी सांगायला लागल्या. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली, आणि गाडी सुटली.